चिठ्ठीवरचं गाव

सेंट डे हे कॉर्नवॉलमधलं एक लहान गाव. इंग्लंडच्या नकाशात नैर्ऋत्येला समुद्रात घुसलेली जी चिंचोळी जमीन दिसते, ते कॉर्नवॉल. अठरावं शतक सरत आलं असताना या गावाला खेटून असलेल्या व्हील गोरलँड नावाच्या तांब्याच्या खाणीत कामगारांना आकाशी निळे स्फटिक सापडू लागले. तांबं, ॲल्युमिनियम, सोमल आणि पाणी यांचं हे संयुग. पुढे त्याला लिरोकोनाइट असं नाव पडलं. नंतर जगात ते थोड्याफार ठिकाणी मिळालं, पण गोरलँडच्या तोडीचं कुठेच मिळालं नाही. खाण कधीच बंद झाली. मोठ्या संग्रहालयांत आज लिरोकोनाइटचे जे देखणे नमुने दिसतात ते बहुतेक त्या थोड्या वर्षांतले आहेत. कुणीतरी तेव्हा चार पैसे मोजून ते बाजूला काढून ठेवले, म्हणून आपल्याला दिसतात.

ही गोष्ट अशा बाजूला काढून ठेवणाऱ्या माणसांची आहे, आणि त्यांच्यातल्या एकाने केलेल्या विश्वासघाताची.

आधी ही खनिजं तयार कशी होतात ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. धातूची शीर जिथे जमिनीच्या पृष्ठभागाजवळ येते तिथे पाऊस आणि हवा हजारो वर्षं तिच्यावर काम करत असतात. खोलवर तांबं गंधकाशी जखडलेलं असतं. वर आल्यावर ते सुटतं, पाण्याबरोबर झिरपतं आणि सोमल, फॉस्फरस, शिसं, जे वाटेत भेटेल त्याच्याशी नव्याने जुळून खडकाच्या फटीत किंवा पोकळीत जाऊन बसतं. हिरवी, निळी, मोरपंखी खनिजं या थरातली. कॉर्नवॉलच्या शिरांमध्ये तांब्याच्या जोडीला सोमल मुबलक असल्यामुळे इथे या दोघांच्या संयुगांचं जे वैविध्य दिसलं ते त्या काळच्या युरोपात कुणी पाहिलं नव्हतं. पण हा थर उथळ असतो. खाण खोल गेली की तो मागे पडतो आणि पुन्हा भेटत नाही. खाणमालकाला त्याचं सोयरसुतक नसतं. त्याला खालचं भरघोस तांबं हवं असतं. म्हणजे दुर्मीळ खनिजं हाती लागण्याचा काळ खाणीच्या आयुष्यात एकदाच येतो, आणि तोही अगदी सुरुवातीला, जेव्हा त्यांची किंमत जाणणारं जवळपास कुणी नसतं.

वर ओढून काढलेलं खनिज खाणीच्या तोंडाशी बायका आणि मुली फोडत. कॉर्नवॉलमध्ये त्यांना 'बाल मेडन' म्हणत. उन्हावाऱ्यापासून चेहरा आणि मान झाकणाऱ्या मोठ्या टोप्या घालून त्या दिवसभर हातोडे चालवायच्या: मोठा दगड फोड, धातूचा भाग वेगळा कर, तो आणखी बारीक कर, गाळ बाजूला टाक. कॉर्नवॉलमध्ये कोळसा नाही, त्यामुळे निवडलेलं तांब्याचं खनिज जहाजाने साउथ वेल्सला, स्वान्सीच्या भट्ट्यांकडे जाई. भट्टीला निळा स्फटिक आणि पितळी रंगाचा गोळा दोन्ही सारखेच. जे हातोड्यातून वाचलं ते आगीत गेलं. जे दोन्हींतून वाचलं ते बहुधा एखाद्या खाणकामगाराच्या खिशातून वर आलं. पगार तुटपुंजा आणि तोही पुष्कळदा काढलेल्या खनिजाच्या हिश्शावर ठरलेला, त्यामुळे 'साहेबाला आवडेल' असा दगड हे त्याचं वरचं उत्पन्न असे. त्या कामगारांना दोष द्यावासा मला वाटत नाही. विज्ञानावर त्यांचे उपकारच आहेत.

अशा साहेबांमध्ये सगळ्यात जाणता होता फिलिप रॅशली. जन्म १७२९ चा. फॉवी बंदराजवळच्या मेनाबिली इथला हा जमीनदार त्या भागातून अनेक वर्षं पार्लमेंटवर निवडून जात होता. (मेनाबिलीची ही हवेली पुढे लेखिका डाफ्ने ड्यू मॉरियेने भाड्याने घेतली, आणि तिच्या 'रेबेका' या कादंबरीतल्या हवेलीमागे मेनाबिलीच आहे.) खाणींचे कॅप्टन, म्हणजे तिथले मुकादम, रॅशलीला ओळखून होते. नवं काही निघालं की ते त्याच्याकडे यायचं. गोरलँडच्या उथळ थरातलं वैभव बाहेर येत होतं नेमकं तेव्हाच तो विकत घेत होता, यात त्याचं नशीब होतं. पण निवड त्याची होती. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात शंख, नाणी, भुसा भरलेले पक्षी यांच्याबरोबर चकचकीत दगड मांडण्याची तेव्हा रीतच होती. रॅशलीने मात्र आपल्याच मुलखातल्या खनिजांवर भर दिला आणि कुठला नमुना कुठल्या खाणीतला हे लिहून ठेवलं. १७९७ साली त्याने आपल्या संग्रहातल्या निवडक ब्रिटिश खनिजांचं पुस्तक काढलं. चित्रं रंगीत, खाली खाणीचं नाव. दुसरा भाग १८०२ साली आला.

त्या पुस्तकात सेंट एंडेलियन परगण्यातल्या व्हील बॉइज नावाच्या छोट्या खाणीतला एक काळा-करडा नमुना आहे. शिसं, तांबं, अँटिमनी आणि गंधक यांचं ते खनिज तोवर शास्त्राला ठाऊक नव्हतं. त्याचा अभ्यास केला काउंट द बूर्नों या फ्रेंच सरदाराने. राज्यक्रांतीत सगळं गमावून तो इंग्लंडला पळून आला होता आणि इथल्या धनिकांच्या खनिजसंग्रहांच्या याद्या करून पोट भरत होता. १८०१ साली त्याने रॉयल सोसायटीपुढे कॉर्नवॉलच्या तांबं-सोमलाच्या खनिजांवर निबंध मांडला. त्याच खनिजांचं रासायनिक पृथक्करण रिचर्ड शेनेव्हिक्सने केलं होतं. एंडेलियनच्या खनिजाला शेवटी बूर्नोंचंच नाव मिळालं: बूर्नोनाइट. एका परागंदा सरदाराचं नाव कॉर्नवॉलच्या एका विस्मृत खाणीतल्या दगडाला कायमचं चिकटलं. रॅशलीने खाणीचं नाव लिहून ठेवलं नसतं तर ती खाणही कुणाला आठवली नसती.

बूर्नोनाइटचे सर्वांत देखणे स्फटिक मात्र अर्ध्या शतकानंतर निघाले, लिस्कर्डजवळच्या हेरड्सफुट या शिशाच्या खाणीत. हा स्फटिक एकदा नीट पाहिला की विसरत नाही. अनेक चपटे स्फटिक एकमेकांत ठरावीक कोनात वाढतात आणि त्यांची मिळून कडेला दाते असलेली चकती तयार होते. पृष्ठभाग पोलादी करडा, आरशासारखा. भिंगाखाली धरला तर दात्यांच्या बाजूंवर वाढीच्या बारीक रेघा दिसतात. त्याखाली पांढऱ्या गारेचे अणकुचीदार स्फटिक, आणि ती चकती त्यांच्या टोकांवर अलगद उभी. खाणवाले त्याला 'दातेरी चाकाचं खनिज' म्हणत. हे नमुने लंडनपर्यंत पोचले ते लॉस्टविथिएलच्या रिचर्ड टॅलिंग या खनिजांच्या व्यापाऱ्यामुळे. टॅलिंगचे खाणीखाणींतल्या माणसांशी संबंध होते आणि ब्रिटिश म्युझियम त्याचं गिऱ्हाईक होतं. त्याने पुरवलेल्या दगडांतून शास्त्राला नवी खनिजं मिळाली. त्यातलं लँगाइट १८६४ साली जाहीर झालं.

व्यापाऱ्यांबद्दल अभ्यासकांच्या लिखाणात एक नापसंतीचा सूर असतो. तो मला पटत नाही. रॅशलीसारखा जाणकार जमीनदार पिढीतून एखादाच निघतो. खाणीत रोज कुणीतरी जाऊन 'आज काय निघालं?' असं विचारायला पोटापाण्याचा धंदाच लागतो. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. चांगल्या जागेचं नाव व्यापारी सहसा फोडत नाही, कारण उद्या दुसरा तिथे पोचेल. आणि नमुना विकताना खाणीचं नाव वजनदार असेल तर भाव चढतो.

मग खाणी बुडाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातलं दोनतृतीयांश तांबं कॉर्नवॉल आणि शेजारच्या पश्चिम डेव्हनमधून येत होतं. १८६६ च्या आर्थिक कोसळण्यात तांब्याचा धंदा मोडला. चिली, मिशिगन, ऑस्ट्रेलिया यांच्यापुढे तो पुन्हा उभा राहिला नाही. नंतर कथलाचेही दिवस फिरले. खाणकामगार बायकापोरं मागे ठेवून जगभर पांगले. आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणी १८८० पासून जॉन टेलर अँड सन्सने चालवल्या, तेव्हा तिथे जमिनीखाली काम करवून घेणारे पुष्कळ जण कॉर्नवॉलचेच होते. मागे राहिल्या दगडी इंजिनघरांच्या भिंती, उंच धुरांडी, पाण्याने भरलेल्या उभ्या विहिरी आणि टाकलेल्या दगडांचे ढिगारे.

या ढिगाऱ्यांपाशी थोडं थांबायला हवं. दीड-दोनशे वर्षांपूर्वी बिनकामाचा म्हणून फेकलेला हा दगड. सोमल इतकं की काही ढिगाऱ्यांवर आजही गवताची काडी उगवत नाही. पण उथळ थरातला माल सगळ्यात आधी बाहेर आलेला असतो, म्हणून तो बहुधा ढिगाऱ्याच्या तळाशी असतो, आणि शोधणाऱ्याला वरचं सगळं उपसून खाली जावं लागतं. एक दगड उचलायचा, वजनाचा अंदाज घ्यायचा, गंजाचा तांबूस पापुद्रा दिसला तर छिन्नी लावून फोडायचा, ताजी बाजू ओली करून भिंगाने पाहायची. बहुतेक वेळा काही नसतं. कधी मोहरीच्या दाण्याएवढ्या पोकळीत हिरव्या सुयांचा झुबका दिसतो. तो चार बोटांच्या तुकड्यासकट कागदात गुंडाळायचा आणि त्याच ठिकाणी, त्याच वेळी, कागदावर लिहायचं: कुठली खाण, ढिगाऱ्याची कुठली बाजू, कुठली तारीख. घरी जाऊन लिहू म्हटलं की संपलं. पिशवीतले दहा दगड संध्याकाळी एकसारखे दिसतात.

ही जी चिठ्ठी, ती त्या दगडाचा सातबारा. ती हरवली तर उरतं ते हिरव्या सुयांचं दिसायला बरं असं काहीतरी. कुठल्या शिरेत, कुठल्या खनिजांच्या संगतीत, किती खोलीवर ते तयार झालं हे दगड एकटा सांगू शकत नाही. आणि खाण बंद झालेली असेल तर पुन्हा जाऊन विचारायलाही जागा नसते.

हे सर आर्थर रसेल यांच्याइतकं कुणी मनावर घेतलं नाही. १८७८ साली जन्मलेला हा बर्कशरमधला सरदारपुत्र लहानपणीच दगडांच्या नादी लागला, तो १९६४ साली मरेपर्यंत. त्याने ब्रिटिश बेटांबाहेरचं काही गोळा केलं नाही. त्याच्या हयातीत ब्रिटनमधल्या धातूंच्या खाणी एकेक करून बंद पडत होत्या. कॉर्नवॉलची डोलकोथ खाण, शतकानुशतकं चाललेली आणि जवळजवळ हजार मीटर खोल गेलेली, १९२० च्या दशकाच्या तोंडाशी संपली. समुद्राखाली गेलेल्या लेव्हंट खाणीत २० ऑक्टोबर १९१९ रोजी माणसं चढवण्या-उतरवण्याचं यंत्र तुटून ३१ जण दगावले, आणि १९३० साली तीही बंद झाली. रसेल शक्य तिथे खाली उतरला. जिथे उतरणं शक्य राहिलं नव्हतं तिथे ढिगाऱ्यांवर गेला. जुने घरंदाज संग्रह मोडीत निघाले की तो ते विकत घ्यायचा, आणि त्यामुळे अठराव्या शतकातले नमुने त्यांच्या इतिहासासकट एका माणसाच्या कपाटात जमा होत गेले. त्याच्या चिठ्ठ्या हाताने लिहिलेल्या असत: खनिज, शीर, खाण, परगणा, जिल्हा, आणि कुणाकडून व कधी मिळालं. बारा हजारांहून अधिक नमुन्यांचा हा संग्रह त्याने मृत्युपत्राने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमला दिला. एका देशाच्या खनिजांचा इतका काळजीपूर्वक नोंदलेला खाजगी संग्रह क्वचितच कुठे असेल.

त्याने जमवलेल्या मालातून नवी खनिजंही निघाली. कॅसल-ॲन-डिनास या टंगस्टनच्या खाणीतल्या एका पिवळसर खनिजाला १९३८ साली 'हे' आणि बॅनिस्टर या आडनावांच्या, म्युझियममधल्या शास्त्रज्ञांनी रसेलाइट नाव दिलं. दहा वर्षांनी रसेलने स्वतः सेंट ऑस्टेलच्या चिनीमातीच्या पट्ट्यातल्या एका हिरवट निळ्या खनिजाचं वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं रॅशलीआइट, दीडशे वर्षांपूर्वीच्या मेनाबिलीच्या त्या संग्राहकाचं. पुढे रॅशलीवर आणि त्याच्या संग्रहावर त्याने सविस्तर लेखही लिहिला. रॅशलीआइट स्वतंत्र खनिज म्हणून टिकलं नाही. ते पिरोजाच्या कुटुंबातलं, आधीच ठाऊक असलेल्या खनिजांच्या मधलं ठरलं आणि यादीतून गेलं. पण रसेलची चिठ्ठी खरी होती. दगड सांगितलेल्या ठिकाणचाच होता, म्हणून तर पुन्हा तपासता आला आणि चूक दुरुस्त झाली.

रसेलच्या मित्रवर्तुळात आर्थर किंग्जबरी होता. जन्म १९०६ चा, रसेलपेक्षा एका पिढीने लहान. ऑक्सफर्डच्या विद्यापीठ संग्रहालयातल्या भूविज्ञान आणि खनिजविज्ञान विभागाशी तो जोडलेला होता. १९५० च्या दशकात 'मिनरलॉजिकल मॅगझीन'मध्ये आणि इतरत्र त्याचे लेख येऊ लागले. विषय साधारण एकच: ब्रिटनमध्ये आजवर न सापडलेलं अमुक दुर्मीळ खनिज तमुक जुन्या खाणीच्या ढिगाऱ्यावर मिळालं. कॉर्नवॉल, डेव्हन, उत्तरेला लेक डिस्ट्रिक्टमधले काल्डबेक फेल्सचे डोंगर. जिथे इतरांना वर्षानुवर्षं काही मिळत नव्हतं तिथे किंग्जबरीला मिळत होतं. त्याचं वर्णन बारकाईचं असे, खनिजांची ओळख अचूक असे, आणि क्ष-किरणांच्या चाचणीत नमुना सांगितलेलाच निघे. शंका घ्यायला जागा कुठे होती? १९६८ साली तो गेला आणि त्याचा संग्रहही त्याच लंडनच्या म्युझियममध्ये, रसेलच्या संग्रहाच्या शेजारी जाऊन पोचला. ब्रिटिश खनिजांच्या याद्यांमध्ये त्याच्या नोंदी ठिकठिकाणी बसल्या.

त्याच्या मागोमाग ढिगाऱ्यांवर गेलेले हौशी लोक रिकाम्या हाताने परत येत. बंद खाण इथेच फसवणाऱ्याच्या मदतीला येते. चालू खाणीतला दावा दुसऱ्या दिवशी तपासता येतो. बंद खाणीत, 'त्या कोपऱ्यात एवढंच होतं, मी घेतलं, संपलं', हे उत्तर कुणी खोडू शकत नाही, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. ढिगारे रस्त्याच्या खडीसाठी उचलले जातात, कथील किंवा टंगस्टनसाठी पुन्हा चाळले जातात, त्यांच्यावर माती टाकून गुरं चारली जातात. आपल्याला काही मिळालं नाही तर माणूस आधी स्वतःच्याच नजरेला दोष देतो.

१९९८ साली जॉर्ज रायबॅक, अँड्र्यू क्लार्क आणि ख्रिस स्टॅन्ली यांनी किंग्जबरीच्या संग्रहाची फेरतपासणी प्रसिद्ध केली. क्लार्क आणि स्टॅन्ली म्युझियममधले. निष्कर्ष थेट होता: किंग्जबरीने आपल्या अनेक दुर्मीळ नमुन्यांची मूळ ठिकाणं खोटी सांगितली होती. दगड अस्सल होते, खनिजांची नावंही बरोबर होती. खोटं होतं ते चिठ्ठीवरचं गाव.

हा प्रकार नकली नाण्यापेक्षा किंवा चित्राच्या बनावट प्रतीपेक्षा पकडायला फार अवघड. तिथे वस्तूच खोटी असते, म्हणून ती कधीतरी बोलते. इथे खनिजाची कितीही चाचणी केली तरी उत्तर बरोबरच येणार. बोलतो तो खनिजाला चिकटलेला खडक आणि शेजारची किरकोळ खनिजं, ज्यांच्याकडे दुर्मीळ दगड पाहणाऱ्याचं लक्ष जात नाही. कॉर्नवॉलमधली शीर ग्रॅनाइट आणि पाटीच्या दगडातून जाते, काल्डबेकची जुन्या ज्वालामुखी खडकांतून. गार कशी वाढली आहे, गंज कुठल्या छटेचा आहे, कुठली खनिजं सोबत आहेत आणि कुठली असायला हवी होती पण नाहीत, हे त्या खाणीचे शेकडो साधे नमुने हाताळलेल्या माणसाला कळतं. आणि त्या साध्या नमुन्यांचा भरवशाचा संच म्युझियममध्ये कुणामुळे होता? रसेलसारख्यांमुळे, ज्यांनी दिसायला सामान्य असलेल्या तुकड्यांवरही खाणीचं आणि शिरेचं नाव लिहून ठेवलं होतं. एकाच्या खऱ्या चिठ्ठ्यांवर दुसऱ्याच्या खोट्या चिठ्ठ्या घासून पाहता आल्या. हे कळायला रसेल हयात नव्हता, आणि ते बरंच झालं असं मला वाटतं.

नुकसान किती? नव्या नोंदींची जी यादी किंग्जबरीच्या नावावर होती ती सगळी संशयित झाली. एखाद्या शिशाच्या खाणीत बिस्मथचं किंवा टेल्युरियमचं खनिज मिळालं म्हटलं की भूवैज्ञानिक त्यावरून खालचं पाणी किती तापलेलं होतं, जवळ ग्रॅनाइट आहे का, शीर कितींदा उघडली आणि भरली, असे तर्क बांधतो. खोट्या गावावर बांधलेले असे तर्क इतरांच्या लेखांत, नकाशांत, विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत पसरलेले असतात. ते एकेक शोधून काढायला लागतात. त्याहून वाईट म्हणजे किंग्जबरी सतत खोटं बोलला नव्हता. तो खरोखर डोंगरावर जात होता, त्याला खरोखर दृष्टी होती, आणि त्याच्या काही नोंदी अस्सल आहेत. पण कुठल्या? खऱ्या नोंदींवरचा विश्वासही त्याच्याबरोबर गेला. मला त्याचा राग येतो तो इथे. एवढी नजर असलेल्या माणसाने आयुष्यभरात शंभर प्रामाणिक चिठ्ठ्या मागे ठेवल्या असत्या तरी आज लोकांनी त्याचं नाव आदराने घेतलं असतं.

हे वाचताना पुण्याच्या माणसाला वाघोली आठवावी. तिथल्या दगडखाणींत १९८० च्या दशकाच्या अखेरीस गर्द निळ्या कॅव्हन्साइटचे गुच्छ निघू लागले. हे कॅल्शियम आणि व्हॅनेडियमचं खनिज आधी अमेरिकेत ओरेगॉनमध्ये सापडलं होतं, १९७३ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, पण असे गुच्छ कुणी पाहिले नव्हते. आज जगात कुठेही हे खनिज मांडलेलं दिसलं तर ते जवळजवळ नक्की वाघोलीचं असतं. त्याचं गाव तरी ठाऊक आहे. आपल्या काळ्या पत्थरातल्या पोकळ्यांमधून निघालेली स्टिलबाइट, ॲपोफिलाइट, हुलँडाइटची कितीतरी झुंबरं परदेशातल्या संग्रहांत नुसती 'पूना, इंडिया' अशी चिठ्ठी लावून बसली आहेत. पूना म्हणजे खुद्द पुणं, नाशिकचा रस्ता, जळगावची एखादी विहीर, की अजिंठ्याच्या रांगेतला घाट? सुरुंग लावणाऱ्याला ठाऊक होतं, दलालाने विचारलं नाही किंवा सांगितलं नाही. खाण पाण्याने भरते, मग तिच्याभोवती इमारती उभ्या राहतात. कॉर्नवॉलला दोनशे वर्षं लागली ते आपल्याकडे तीस वर्षांत होतं. रसेलसारखं कुणी या खाणींवर वहीपेन्सिल घेऊन फिरलं पाहिजे, आणि तेही सुरुंगाचा आवाज थांबण्याआधी.

कॉर्नवॉलमधलं शेवटचं मोठं कथील साउथ क्रॉफ्टीतून १९९८ च्या मार्चमध्ये वर आलं. किंग्जबरीचा उलगडाही त्याच वर्षीचा. २००६ साली तिथल्या खाणींच्या प्रदेशाला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. सेंट हिलरीजवळची पेनबर्थी क्रॉफ्ट ही जुनी खाण तर तिच्या ढिगाऱ्यांतल्या खनिजांसाठीच कायद्याने संरक्षित आहे. शिसं, तांबं आणि सोमल यांचं बेल्डोनाइट १८६५ साली पहिल्यांदा इथलंच वर्णिलं गेलं. काल्डबेकच्या डोंगरात दगड गोळा करायला राष्ट्रीय उद्यानाची परवानगी काढावी लागते. हौशी लोक अजूनही जातात. आता चिठ्ठीबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश असतात, उचलण्याआधीचा फोटो असतो, आणि नव्या नोंदीचा दावा करायचा असेल तर एक तुकडा म्युझियमला दिलेला असतो, आसपासच्या साध्या खडकासकट. किंग्जबरीने सांगितलेल्या एखाद्या ठिकाणी, त्याने सांगितलेलंच खनिज उद्या अशा रीतसर नोंदीसह कुणाला मिळालं, तर पहिल्या शोधाचा मान त्या नव्या माणसाला द्यावा, आणि यादीत तारीखही त्याचीच घालावी असं माझं मत आहे.